नेहमीचे आवाज

श्रीपादराव खटावकरांनी लेकीच्या वास्तुशांतीला चांदीचं निरांजन द्यायचं सोडून भिंतीवर लावायची एक पांढरी डबी दिली, तेव्हा त्यांच्या पत्नीने, निर्मलाताईंनी, कपाळाला हात लावला होता. "लोक काय म्हणतील? लेकीला काय दिलं, तर भोंगा!" पण श्रीपादराव बधले नाहीत. उभी हयात मिरज जंक्शनला रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेलेली. जगातली निम्मी दुःखं वेळेवर इशारा न मिळाल्याने होतात, असं त्यांचं ठाम मत होतं. उरलेल्या निम्म्यांचा त्यांनी कधी विचार केला नव्हता.

डबीचं नाव होतं जागल्या. गावात रात्री गस्त घालणाऱ्या जुन्या जागल्याचं नाव कंपनीने उचललं होतं आणि त्या वर्षांत ते घरोघर झालं होतं. त्याआधीचे भोंगे म्हणजे निव्वळ डोकेदुखी. यंत्राच्या डोळ्यावर पाल चढली की भोंगा, पडदा हलला की भोंगा, कुकरची शिट्टी जरा लांबली की भोंगा. पोलीस धावत यायचे आणि कणकेच्या हातांनी दारात आलेल्या बाईची माफी ऐकून परत जायचे. शेवटी शहरांनी नियम केला, की खोटा भोंगा वाजवणाऱ्या घराला आधी दंड, आणि तरी सुधारलं नाही तर पोलीस येणंच बंद. मग लोकांनी भोंगे काढून माळ्यावर टाकले आणि चोरांची दिवाळी झाली. या पेचातून जागल्या जन्माला आला.

त्याची युक्ती समजायला सोपी होती. तो बघत नसे, चाचपत असे. डबीतून अगदी सौम्य रेडिओलहरी घरभर पसरायच्या आणि माणसांच्या अंगावर आपटून परत यायच्या. श्वास घेताना छाती हलते, आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्यालाही ती केसभर थरथरते. परत आलेल्या लहरींत तेवढाही फरक उमटतो. त्यामुळे कुणाच्या अंगाला हात न लावता, भिंतीपलीकडूनसुद्धा, घरात किती जीव आहेत, कोण कसं चालतं, कुणाचं काळीज धडधडतंय, हे जागल्याला कळे. मांजराचे ठोके वेगळे, बाळाचे वेगळे, आणि पडद्याला तर ठोकेच नाहीत. जोडीला तो आवाज ऐके. हे सगळं जुळवून शंका आली तरी तो लगेच बोंब मारत नसे, आधी विचारत असे. चोर घरात शिरल्याची शंका असली, तर घरातल्यांना विचारून उपयोग नाही, कारण ज्याच्या गळ्यावर सुरी आहे तो काय खरं सांगणार? म्हणून आतल्या गोष्टींबद्दल तो घराबाहेरच्या एका भरवशाच्या माणसाला विचारी. या माणसाला कंपनीने 'जाणता' असं भारदस्त नाव दिलं होतं. जाणता 'खरी' म्हणाला की पोलीस निघाले. 'खोटी' म्हणाला की विषय संपला.

"बाबा, आमचे जाणते तुम्हीच व्हा," वास्तुशांतीच्या दिवशी सासऱ्यांच्या पाया पडून पुष्कर म्हणाला होता. पुष्कर देशिंगकर, कोल्हापुरात एका बांधकाम कंपनीत बऱ्या हुद्द्यावर, गोड बोलणारा, थोरामोठ्यांचा मान ठेवणारा. "सिग्नलवाल्यापेक्षा जाणता कोण मिळणार?" श्रीपादरावांना मूठभर मांस चढलं. शर्वरी, त्यांची एकुलती एक लेक, बाजूला उभी राहून हसत होती. तेव्हा ती खरंच हसत होती.

पहिला फोन आला तो गौरी-गणपतीनंतर, श्रीपादराव दुपारी आडवे झाले असताना. जागल्याचा आवाज शांत आणि सभ्य होता. "शर्वरी देशिंगकर यांच्या घरी काच फुटल्याचा आणि ओरडण्याचा आवाज झाला आहे. एका व्यक्तीचे ठोके फार वाढले आहेत. बाहेरचं कुणी आत आलेलं नाही. सूचना खरी की खोटी?"

त्यांनी आधी लेकीला फोन लावला.

"अहो, काही नाही बाबा," शर्वरी म्हणाली. "लोणच्याची बरणी पडली हातातून. केवढ्याने दचकले! तुम्ही पण ना."

श्रीपादरावांचा जीव भांड्यात पडला. बाहेरचं कुणी आत आलेलं नाही, हे तर यंत्रानेच सांगितलं होतं. त्यांनी 'खोटी' दाबलं आणि कूस बदलली.

दुसऱ्यांदा तिने फोन उचलायला वेळ लावला आणि तिचा आवाज सर्दी झाल्यासारखा येत होता. पुष्करचा आवाज जरा चढला होता म्हणे, ऑफिसात कटकटी चालल्यात. "तुमचा नाही चढत?" शेजारून निर्मलाताई म्हणाल्या. "आपलेच दात, आपलेच ओठ. पोलीस दारात उभे राहिले तर पोरीला त्या कॉलनीत तोंड दाखवायला जागा राहील का?" श्रीपादरावांनी 'खोटी' दाबलं. त्यापुढच्या वेळी फोन पुष्करनेच उचलला. शर्वरी अंघोळीला गेलीय, म्हणाला. भर दुपारी चारला अंघोळ कसली, हा प्रश्न श्रीपादरावांच्या ओठांवर आला आणि त्यांनी तो गिळला. जावयाला असलं विचारतात होय? पुन्हा 'खोटी'. मग तर बोटाला सवयच लागली.

मध्यंतरी शर्वरी एकटीच मिरजेला आली. चार दिवसांसाठी म्हणून आली, पण जायचं नाव काढीना. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता आईला म्हणाली, "आई, मी इथेच राहिले थोडे महिने, तर चालेल?" निर्मलाताईंच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. श्रीपादरावांनी चष्मा काढून पुसला.

"बाळ, नव्या रुळावर गाडी पहिल्यांदा थोडी हादरतेच," ते म्हणाले. "दोघांनी थोडं सोसायचं असतं. रुळशील तू."

तिने मान हलवली. कुठे खुपतंय, हे तिला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी श्रीपादराव स्वतः तिला कोल्हापूरला सोडून आले. निर्मलाताईंच्या माहेरी रिवाज होता, की लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी पिऊ नये. श्रीपादराव या रिवाजाची चेष्टा करत, पण पाळत. त्या दिवशीही ते उंबऱ्यातूनच मागे फिरले.

त्यानंतर जागल्याचे फोन विरळ होत गेले, आणि पुढे बंदच झाले. दिवाळी गेली, संक्रांत गेली. श्रीपादराव खूश होते. "बघ, म्हटलं नव्हतं मी?" ते बायकोला म्हणत. "रुळली पोर."

शिमग्याच्या सुमाराला निर्मलाताईंची भाची केतकी एका लग्नासाठी मिरजेला आली आणि मावशीकडे उतरली. जागल्या बनवणाऱ्या कंपनीतच ती कामाला होती, यंत्राला शिकवण्याच्या खात्यात. चहा पिता पिता श्रीपादरावांनी तिच्या यंत्राचं तोंड भरून कौतुक केलं. सुरुवातीला सारखं वाजायचं, आता मात्र महिनोन्‌महिने चकार शब्द नाही.

केतकीने कप खाली ठेवला. "सुरुवातीला किती वाजायचं, काका?"

"आठवड्या-पंधरवड्याला असायचं एखादं."

"आणि तुम्ही दर वेळी खोटी म्हणालात?"

"खोटीच होती की. बरण्या पडतात, आवाज चढतात. बाहेरचं कुणी आलेलं नसायचं."

केतकीने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली. मग तिने समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं, आणि तिच्या आवाजातला तो हळुवारपणाच श्रीपादरावांना जास्त बोचला. प्रत्येक घराचं एक वळण असतं. कुठे म्हातारे रात्री खोकतात, कुठे पोरं किंचाळत खेळतात. जागल्याला हे वळण कोण शिकवणार? जाणताच शिकवतो. तो एकदा 'खोटी' म्हणाला, की त्या आवाजांचं वजन यंत्राच्या हिशेबात थोडं कमी होतं. पुन्हा म्हणाला, आणखी कमी. असं होता होता ते आवाज त्या घराचे नेहमीचे आवाज ठरतात, आणि नेहमीच्या आवाजाबद्दल जागल्या कुणाला त्रास देत नाही. त्याचीच तर लोक किंमत मोजतात.

"म्हणजे आवाज थांबले नाहीत?" श्रीपादरावांनी विचारलं.

"ते मला माहीत नाही, काका. थांबले असतील, नसतील. घरातलं काही बघायची आम्हालाही मुभा नाही. मी एवढंच सांगते, की यंत्र गप्प आहे याचा अर्थ घर शांत आहे असा नाही. त्याने तुम्हाला विचारायचं सोडलंय. तुम्हीच सांगितलंत त्याला तसं."

नोकरीला लागल्या दिवसापासून एक नियम श्रीपादरावांच्या अंगात भिनला होता: तार तुटो, दिवा जावो, काहीही बिघडो, सिग्नल लालच झाला पाहिजे. शंका आली की गाडी थांबवायची. उगाच थांबली तर प्रवासी शिव्या देतात, पण शिव्यांनी कुणी मरत नाही. हजारो अनोळखी माणसांसाठी त्यांनी हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळला होता, आणि पोटच्या पोरीच्या वेळी मात्र दर वेळी, न चुकता, हिरवा दिवा दाखवला होता. त्यांना स्वतःची किळस आली.

जाणत्याला आपली उत्तरं मागे घेता येत होती. केतकीने ते करून दिलं. यंत्र कोरं झालं, पहिल्या दिवशी होतं तसं. आता खुट्ट झालं तरी फोन येईल, ती म्हणाली. श्रीपादराव फोन उशाशी घेऊन झोपू लागले, देवपूजेलाही तो ताम्हणाशेजारी असे. पण फोन आला नाही. आठवडे गेले. "बघा," निर्मलाताई म्हणाल्या, "काही नव्हतंच. उगाच पोरीच्या संसारावर संशय." त्यांच्या सुरात सुटका होती. श्रीपादरावांनाही ती हवीच होती, पण ती पचेना. एका रविवारी पोह्याच्या पापडांची पिशवी घेऊन, कुणाला न कळवता, ते कोल्हापूरच्या गाडीत बसले.

दार शर्वरीने उघडलं. वाळली होती. बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या होत्या, एवढ्या बांगड्या तिने लग्नातही घातल्या नव्हत्या. "बाबा! या ना," ती म्हणाली आणि त्यांच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं. पुष्कर आतून आला, वाकून पाया पडला, प्रवास कसा झाला विचारलं आणि पुन्हा आत गेला. श्रीपादराव स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसले. त्यांनी आपण होऊन पाणी मागितलं. शर्वरीने चमकून पाहिलं आणि तांब्या-भांडं पुढे ठेवलं.

ती काकडी चिरत होती. तेवढ्यात आतल्या खोलीतून पुष्कर ओरडला. सासरा घरात आहे याचा त्याला विसर पडला असावा, किंवा आता त्याचं काही वाटत नसावं. "चार्जर कुठाय? सटवे, एक वस्तू जागेवर असेल तर शपथ!" आणि काहीतरी जड भिंतीवर आदळलं. श्रीपादराव खुर्चीतून अर्धे उठले, भांडं कलंडलं, पाणी मांडीवर सांडलं. शर्वरीच्या हातातली सुरी थांबलीसुद्धा नाही. तिने चार्जर फ्रीजवरून काढला, आत नेऊन दिला, आतून चापटीचा आवाज आला, आणि ती परत येऊन पुन्हा काकडी चिरू लागली. एका गालावर लाली होती. श्वास एका लयीत चालू होता.

भिंतीवर जागल्याचा हिरवा दिवा शांतपणे जळत होता.

तेव्हा श्रीपादरावांना उमगलं. यंत्र कोरं झालं होतं. ते ऐकत होतं, चाचपतही होतं. आवाज मोठा झाला की ते घरातल्यांचे ठोके बघत होतं, आणि ठोके जागच्या जागी होते. भ्यायला माणसाला काही तरी वेगळं घडावं लागतं. शर्वरीच्या काळजाने हे केव्हाच नेहमीचं म्हणून मान्य केलं होतं. यंत्राची शिकवण पुसता येत होती, हिची पुसायची कळ कुठे होती?

"शरू, ऊठ," ते दबक्या आवाजात म्हणाले. "चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"घरी."

"घरी आले होते मी, बाबा." ती चिडली नव्हती. तिने काकडीत मीठ घातलं. "तुम्हीच आला होता सोडायला."

श्रीपादरावांचे डोळे भरून आले, पण तिला त्यांच्या रडण्याचाही उपयोग नव्हता. "चुकलो मी," ते म्हणाले. "आता बोलतो मी त्याच्याशी."

"नका. तुम्ही बोलाल, आणि संध्याकाळच्या गाडीने जाल. मग इथे मी असते."

श्रीपादरावांनी खिशातून फोन काढला. जाणत्याला आपण होऊनही पोलीस बोलावता येत. त्यांनी 'खरी' दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा. शर्वरीने ते पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

पोलीस झटकन आले, जागल्याचा लौकिकच तसा होता. एक फौजदार बाई आणि एक हवालदार. बाई समजूतदार होत्या. त्यांनी पुष्करला बाहेर बसवलं, शर्वरीला एकटीला विचारलं. श्रीपादराव पॅसेजमध्ये भिंतीला टेकून ऐकत होते.

"ताई, गालाला काय झालंय?"

"उष्णतेनं येतंय असं. उन्हाळा आहे ना."

"आणि मनगटाला?"

"कुकरची वाफ लागली."

"भिऊ नका. मी बसलीय हितं. नवरा मारतो काय?"

"नाही हो," शर्वरी म्हणाली. "बाबांचं वय झालंय. त्यांना हल्ली भास होतात."

बाईंनी हातातल्या पडद्यावर जागल्याची नोंद पाहिली, बराच वेळ पाहिली आणि बाहेर आल्या. "काका, काय करू सांगा. मला बी दिसतंय ते दिसतंय. पण बाई न्हाई म्हणतीय, आणि ठोके सरळ रेघेत चाललेत तिचे. खोटं बोलणाऱ्याचं काळीज असं चालत न्हाई, असं कोर्ट म्हणतंय. मी कुठल्या तोंडानं याला उचलू?"

"मॅडम, चहा घेऊन जा," पुष्कर म्हणाला.

पोलीस जीपकडे वळले तोच श्रीपादरावांचा फोन वाजला. नियम जुनाच होता. सुरुवातीच्या काळात भाऊबंदकीतले लोक जाणते होऊन एकमेकांच्या दारात पोलीस पाठवायचे, म्हणून तो केलेला. जाणत्याने बोलावलं आणि घरच्यांनी खोटं ठरवलं, की जाणत्याचं नाव तिथल्या तिथे निघे. "आपण आता या घराचे जाणते नाही," जागल्या सभ्यपणे म्हणाला. "या घरातली आपली ओळख पुसण्यात आली आहे. आजवरच्या सहकार्याबद्दल आभार."

पुष्करने त्यांची पापडांची पिशवी उचलून त्यांच्याच हातात दिली आणि फाटकापर्यंत पोचवलं. "सांभाळून जा, बाबा. ऊन फार आहे." फाटक लागलं.

श्रीपादराव गेले नाहीत. त्यांनी स्टँडच्या दिशेने दोन पावलं टाकली आणि परत येऊन फाटकाच्या खांबाला टेकून उभे राहिले. यंत्र ओरडणार नसेल तर आपण ओरडू, एवढंच त्यांच्या मनात होतं. आत काही आदळलं की फाटक वाजवू, कॉलनी गोळा करू, हवं तर रात्रभर उभे राहू. अब्रू गेली चुलीत. दुपारचं ऊन डोक्यावर होतं, कानशिलं तापली होती आणि छाती भात्यासारखी हलत होती. त्यांना वाटलं, जे फार आधी करायचं ते आज आपण करतोय, आणि त्या विचाराने त्यांना कितीतरी महिन्यांनी थोडं बरं वाटलं.

फाटकावरच्या स्पीकरच्या जाळीतून जागल्याचा तो ओळखीचा आवाज आला. बाहेरच्या माणसाबद्दल शंका असली, तर जागल्या थेट घरच्यांनाच विचारी, आणि बाहेरच्यालाही जरब बसावी म्हणून ते फाटकावर ऐकू येई.

"फाटकापाशी एक अनोळखी व्यक्ती बराच वेळ उभी आहे. ठोके फार वाढलेले आहेत. शर्वरी, ही व्यक्ती आपल्या ओळखीची आहे का?"

श्रीपादरावांनी वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत शर्वरी उभी होती. पुष्कर पलीकडे ओट्याला टेकून काकडी खात होता. तिने वडिलांकडे पाहिलं. ऊन, घामाने भिजलेला सदरा, हातातली पिशवी, सगळं नीट पाहिलं. त्यांनी हात वर केला, थांब, मी आहे, अशा अर्थाने.

"नाही," जाळीतून शर्वरीचा आवाज आला. "ओळखीचे नाहीत."

"उत्तर ग्राह्य," जागल्या म्हणाला. "आपले ठोके शांत आहेत."

आणि भोंगा वाजला. त्या घरात तो पहिल्यांदाच वाजत होता. आवाज इतका मोठा होता, की समोरच्या घरांतून माणसं जेवता जेवता उठून बाहेर आली आणि फाटकाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवू लागली. पोलिसांची जीप कोपऱ्यावरच्या टपरीपाशी चहाला थांबली होती, ती मागे वळली. हवालदाराने उतरून श्रीपादरावांच्या दंडाला धरलं. "चला काका," तो म्हणाला, "असं दारात उभं ऱ्हाऊन भागतंय होय?"

श्रीपादराव ओरडले, पण भोंग्यापुढे त्यांचं ओरडणं कुणालाच ऐकू आलं नाही. जीपमध्ये चढताना त्यांनी पुन्हा एकदा मान वळवून पाहिलं. शर्वरी खिडकी लावून घेत होती, सावकाश, जराही आवाज होऊ न देता.